सुपारी गणपती असताना

पत्र:

मावशी, नमस्कार.

मी एकतीस वर्षांची. ऐरोलीला एका आयटी कंपनीत नोकरी करते. गेल्या वर्षी बाबांनी आणि मी मिळून घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, फ्लॅट घेतला. हप्ता माझ्या पगारातून जातो. श्रावणात वास्तुशांत आणि सत्यनारायण केला. चौथ्या अध्यायात कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नाव बुडते, तिथे माझ्या तोंडून निघून गेलं, "इतक्या दिवसांनी नवरा कैदेतून सुटून आलाय, बायको धावणारच ना! एवढ्यावरून नाव बुडवतो तो देव कसला?" मागे बसलेल्या मैत्रिणी हसल्या. गुरुजी क्षणभर थांबले आणि पुढे वाचू लागले. पण मोठे काका उठले.

काका शहात्तर वर्षांचे, नौपाड्यात राहतात. चिपळूणकडून आधी तेच ठाण्यात आले, वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात लागले, मग बाबांना आणून शिकवलं. चपला घालताना एवढंच म्हणाले, "आईने कर्ज काढून ही पूजा घातली होती." आणि प्रसाद न घेताच गेले.

त्याला तीन आठवडे झाले. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. आई म्हणते, काकांच्या पाया पड आणि मिटव. चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की भावना दुखावल्या म्हणून आजकाल गुन्हा दाखल होतो, जपून बोलावं. मी फक्त एक प्रश्न विचारला होता! आमच्याकडे राजकारणावरून, शेअरवरून कडाकडा भांडणं होतात आणि दहा मिनिटांत सगळे चहा पितात. मग देवाचं नाव निघालं की माणसं अशी का पेटतात? देव सर्वशक्तिमान असेल तर त्याला इतकं जपावं का लागतं? आणि माफी मी का मागायची?

— घोडबंदर रोडची एक वाचक

उत्तर:

मावशी म्हटलंस, म्हणून सरळ 'अगं' म्हणते.

आधी कलावतीचं बोलू, कारण शाळेत असल्यापासून मलाही त्या पोरीची दया येते. मूल झालं की पूजा घालीन म्हणाला तिचा बाप. मूल झालं, तर म्हणाला हिच्या लग्नात घालीन. लग्न झालं आणि विसरला. पुढे दंडी संन्याशाने नावेत काय आहे विचारलं, तर वेली-पानं आहेत असं धडधडीत खोटं सांगितलं. इतकं सगळं बापाने केलं, तरी शेवटच्या गैरशिस्तीची शिक्षा झाली पोरीला, का तर ती धावली. तुझा प्रश्न बाष्कळ नाही. कथा लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसालाच तो पडतो. बाकीचे त्या वेळी शिऱ्याच्या वासाकडे लक्ष ठेवून असतात, मीही त्यांच्यातलीच.

आणि गंमत बघ, ती कथा सुरूच होते प्रश्नाने. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी सूताला विचारतात, नारद विष्णूला विचारतो. त्यांच्या प्रश्नांवर कुणी चपला घालून गेलं नाही. पण ते विचारत होते, 'कोणतं व्रत केलं म्हणजे दुःख जाईल?' हा पाटावर बसून विचारलेला प्रश्न झाला. तू उंबऱ्यापलीकडून विचारलंस, 'हे असं कसं?' दोन्हींना आपण प्रश्नच म्हणतो, म्हणून तुला वाटतं की तू फक्त प्रश्न विचारलास.

आता वेळेचं. पूजेत गणपती म्हणून मांडलेली सुपारी तू पाहिली असशील. सकाळी ती वाण्याकडची सुपारी असते. गुरुजींनी आवाहन केलं की तिचा गणपती होतो, तिला गंध लागतं, जानवं मिळतं, नैवेद्य मिळतो. नंतर 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत अक्षता टाकल्या की ती पुन्हा सुपारी. कधी तांदळाबरोबर गुरुजींच्या पिशवीत जाते, कधी विसर्जनात. यात कुणाला काही खटकत नाही, काकांनाही नाही. म्हणजे सुपारी ही सुपारीच आहे हे घरातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. ते चार तास तिला देव मानायचं हा सगळ्यांनी मिळून केलेला करार असतो. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२ साली हेच मांडलं, की पावित्र्य वस्तूत नसतं, समूह ते वस्तूवर ठेवतो. म्हणून वस्तूला धक्का लागला की समूहाला आपल्यालाच धक्का लागल्यासारखं वाटतं. आपल्या गुरुजींना दुर्खेम माहीत नसेल, पण दुर्खेमनाही सुपारी माहीत नव्हती, फिट्टंफाट.

तू नेमकी सुपारी गणपती असताना बोललीस. तेच वाक्य संध्याकाळी पाट उचलल्यावर, कपबश्या विसळताना बोलली असतीस, तर काकाच कदाचित म्हणाले असते, "अगं, ते पूर्वीचं आहे, तेव्हा तसं लिहायचे." म्हणून आईला सांग, प्रश्नाबद्दल मी माफी मागणार नाही, वेळेबद्दल मागेन. आणि मैत्रिणींच्या हसण्याबद्दलही माग, जरी हसल्या त्या असल्या तरी. बोललेला शब्द माणूस गिळतो. आपल्या आईच्या पूजेत परक्या पोरी हसल्या, हे गिळता येत नाही.

पण एवढ्याने तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर होत नाही. शेअरच्या भांडणात बाबा हरले तर त्यांचा अंदाज चुकला, एवढंच. दुसऱ्या दिवशी नवा अंदाज बांधता येतो. श्रद्धेवर 'हे खरं आहे का' असं विचारलं की समोरच्याला ते वाक्य तसं ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतं, 'तू आणि तुझी आई इतकी वर्षं मूर्ख होतात का?' यातली आई बहुतेक वेळा हयात नसते. तिच्या वतीने तोच उभा राहतो.

तुझ्या पत्रात काकांचं एकच वाक्य आहे आणि तू ते जाता जाता लिहिलंस. आजीने कर्ज काढून पूजा घातली होती. मी ते चार वेळा वाचलं. कर्ज कुणाकडून काढलं? कशासाठी, घरात कोण आजारी होतं, कुणाची नोकरी लागत नव्हती? नारळ, केळी, पाव-अर्धा शेर रवा-साखर आणि भटजींची दक्षिणा, एवढ्यासाठी कर्ज काढावं लागावं असं ते घर होतं. पोथीतच सवलत आहे बघ, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं चालेल, साखर नसेल तर गूळ. तरीही आजीला कर्ज काढावं लागलं. ते फेडलं कोणी असेल? मी आपला अंदाज करते: घरातल्या थोरल्या मुलाने. चिपळूणहून उठून वागळे इस्टेटमधल्या पाळ्या करणाऱ्या मुलाने. तसं असेल तर त्या पूजेचे पैसे काकांच्या अंगातून गेलेले आहेत, आणि तू विचारलंस, की ती घेणारा देव कसला.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये एक सिद्धांत मांडला. आपण केलेलं एक आणि आता दिसतंय ते दुसरं, असं झालं की माणसाला आतून टोचत राहतं. आणि केलेलं तर बदलता येत नाही, म्हणून माणूस दिसणारं बदलतो. ज्या गोष्टीची किंमत जास्त मोजली ती फुकट गेली म्हणणं जास्त अवघड. डोंबिवलीहून रोज उभ्याने प्रवास करून तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचार, नोकरी कशी होती. तो म्हणेल, फार छान होती.

आता माझी गोष्ट सांगते. तुला कबुलीच म्हणून सांगते, उगाच शहाणपणा म्हणून नाही.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. तू तेव्हा जन्मली असशील किंवा जन्माच्या वाटेवर असशील. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. दुपारी घरी आले तर गल्लीतल्या देवळासमोर ही रांग, आणि रांगेत आमच्या सासूबाई, हातात वाटी-चमचा. पितृपक्ष चालू होता. सासरे फेब्रुवारीत गेले होते. मी खांद्यावरची पर्सही न उतरवता त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पृष्ठताण शिकवायला लागले. चमचा सोंडेला टेकला की दुधाची कड दगडाला चिकटते, दूध पातळ थराने खाली ओघळतं, ओल्या दगडावर ते डोळ्यांना दिसत नाही. पुढे दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते ओघळताना दाखवलंसुद्धा. चार माणसं हसली. सासूबाई रांगेतून बाहेर आल्या, घरी येऊन वाटीतलं दूध तुळशीत ओतलं आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

मला वाटलं, श्रद्धा दुखावली. पुष्कळ वर्षांनी, त्या अंथरुणावर असताना, मी विषय काढला. म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं का, दगड दूध पितो होय? अगं, ते गेल्यापासून गल्लीत मला कुणी कशाला बोलावत नव्हतं. हळदीकुंकू नाही, बारसं नाही. त्या रांगेत मला कुणी 'तुम्ही मागे व्हा' म्हणालं नाही. माझ्या पुढच्या बाईने तिचं पोर माझ्याकडे धरायला दिलं होतं."

दूध खालीच ओघळत होतं, त्यात शंका नाही. पण त्यांच्या हातातलं ते पोर मला दिसलंच नव्हतं. मी रांगेत शिरले तेव्हा त्यांनी ते परत दिलं असणार.

माझी सासू शेवटी बोलली. सगळ्यांच्या सासवा बोलत नाहीत आणि सगळेच काका पत्रात मावेल असं वाक्य टाकून जात नाहीत. तुझ्यावर ती कृपा झाली आहे.

एक भीतीचीही बाजू आहे. ती लहान नाही, पण तिच्यावर फार बोलायला नको. ती कथा मुळात प्रसाद नाकारणाऱ्यांचं काय होतं, यावरच उभी आहे. कलावतीनंतर पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा येतो, गवळ्यांनी दिलेला प्रसाद तो घमेंडीने घेत नाही आणि त्याचं सगळं जातं. (या राजाबद्दल मात्र मला दया येत नाही. गवळ्याच्या हातचं खायला नको वाटलं त्याला.) लहानपणापासून हे ऐकलेल्या माणसासमोर, नव्या घरात, भरल्या पूजेत पुतणी बुडत्या नावेवरून देवाला सुनावते आहे. त्या पुतणीच्या डोक्यावर गृहकर्ज आहे. काकांच्या पोटात गोळा आला असेल तर तो तुझ्याचसाठी आला असेल. रागाच्या रूपात प्रेम दाखवण्यात आपली वडीलधारी माणसं किती वाकबगार असतात, हे मी तुला सांगायला हवं का?

पण त्यात एक विनोद झाला, तो काकांच्या अजून लक्षात आला नसावा. प्रसादाचा मान राखायला ते उठले आणि प्रसाद न घेता गेले. कलावतीने केलं तेच. हे त्यांना आत्ता सांगू नकोस. दोन-तीन वर्षांनी सांग.

हे सगळं झालं काकांबद्दल. तुझं दुसरं वाक्य, देवाला इतकं का जपावं लागतं, ते काकांना लागू पडत नाही, कारण ते देवाला जपतच नव्हते. पण जगात ते लागू पडतं, आणि तिथे मी तुझ्या बाजूची आहे. काकांचं दुखलं, म्हणून ते गप्प उठून गेले. ज्याच्या खुर्चीला धक्का लागतो, तो गप्प उठून जात नाही. तो माणसं गोळा करतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्यामागे कुणाच्या आईची आठवण नव्हती. शूद्राने धर्म सांगावा कसा, हा राग होता. आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांना पाहावी लागली. तुमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १९६६ साली सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि आपल्याच माणसांचा रोष आयुष्यभर झेलला. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठरा वर्षं झगडत होते, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. धर्म वेगवेगळे, शतकं वेगवेगळी, राग मात्र सारखाच, आणि दर वेळी त्या रागापाशी कुणाची तरी अधिकाराची जागा सापडते.

'दुखलं' आणि 'भावना दुखावल्या' हे दोन शब्द आपण एकाच डब्यात टाकले आहेत. पहिला माणूस एकटा असतो आणि त्याला बोलता येत नाही. दुसऱ्याकडे लेटरहेड असतं. पहिल्याच्या घरी जायचं असतं. दुसऱ्यापुढे प्रश्न मागे घ्यायचा नसतो. काका कोणते, हे तू पत्रात लिहूनच दिलं आहेस.

चुलतभावाचा विषय दोन वाक्यांत संपवू. ते कलम म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २९५ अ, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २९९. लाहोरला प्रेषितांवरच्या एका पुस्तिकेचा प्रकाशक न्यायालयातून सुटला, कारण असा गुन्हाच कायद्यात नव्हता, तेव्हा वातावरण पेटलं आणि १९२७ मध्ये इंग्रजांनी ते आणलं; त्या प्रकाशकाचा १९२९ मध्ये खून झाला, तो कायद्याने थांबला नाही. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितलं आहे, की नकळत किंवा बेपर्वाईने झालेला अपमान त्यात बसत नाही. हो, दोन वाक्यांची चार झाली. ग्रुपवर मात्र यातलं काही टाकू नकोस. कुटुंबाच्या ग्रुपवर कायद्याचं कलम लिहिणारा माणूस, कुठल्याही बाजूचा असो, नंतर लग्नाच्या पंगतीत एकटा जेवतो.

आणि बाबा. बाबांचा अबोला देवाचा नाहीच, माझ्या मते. तो भावाचा आहे. ज्याने शिकवलं तो थोरला भाऊ आपल्या नव्या घरातून, पहिल्याच पूजेतून, न जेवता गेला, आणि आपण आसनावर बसलेले असल्यामुळे उठून त्यांना थांबवूही शकलो नाही. त्यातून हप्ता भरणारी मुलगी, तिला सगळ्यांदेखत ओरडणार कसं? त्यांना तुझं मत बदलायला नको आहे. काका पुन्हा घरी यायला हवे आहेत. तेवढं झालं की ते आपसूक बोलतील, बहुतेक शेअरबद्दल.

मग करायचं काय? गाडगेबाबा आठव. नवसाला बोकड मारू नका, कर्ज काढून सण करू नका, देवळात देव शोधत बसू नका, हे त्यांनी खेड्यापाड्यांतल्या श्रद्धाळू माणसांना तोंडावर सांगितलं. तुझ्यापेक्षा शंभरपट बोचरे प्रश्न होते ते. लोक हसायचे, स्वतःवरच हसायचे, आणि एका सुरात उत्तरं द्यायचे. कारण कीर्तनाच्या आधी दिवसभर त्या माणसाने त्यांच्याच गावातली घाण खराट्याने झाडलेली असायची. पंढरपुरात धर्मशाळा बांधणारा माणूस पंढरीच्या वारकऱ्याला प्रश्न विचारत होता. आणि विचारायची त्यांची रीत अशी, की समोरच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुझ्या प्रश्नात उत्तराला जागाच नव्हती, बघ पुन्हा वाचून. 'देव कसला?' याला काकांनी काय म्हणायचं होतं?

घोडबंदर रोडच्या तिसाव्या मजल्यावर खराटा घेऊन उभं राहायला मी तुला सांगत नाही. काकांकडे जा, एवढंच. एकटी जा; आईला नेलंस तर ती दारातच तुला वाकायला लावेल आणि सगळं तिथेच संपेल. वाकायचं असलं तर वाक, नसलं तर नको, पण त्याने काही भागणार नाही. गेल्यावर आधी म्हण, "त्या वेळी बोलायला नको होतं, आणि पोरी हसल्या त्याचं मला वाईट वाटतंय." इथे थांब. 'पण' म्हणू नकोस. तुझ्या जिभेवर 'पण' तयार असणार, मला माहीत आहे, तुझ्या पत्रात तो सगळीकडे आहे.

मग विचार: आजीने ते कर्ज कुणाकडून घेतलं होतं? कलावतीचा प्रश्न तुला सुचला आणि तुझ्या सख्ख्या आजीचा सुचला नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. उत्तर आलं तर ऐक. ते नवसाचं असेल, आजारपणाचं असेल. काय सांगावं, त्या कर्जाचा काकांच्या मनात स्वतःचाच राग असेल, आईवर काढता न आलेला, साठ वर्षं तसाच राहिलेला. तसं निघालं तर तुझा प्रश्न त्यांचाही निघेल, आणि मग तो तू विचारायची गरज पडणार नाही. किंवा काहीच निघणार नाही. ते म्हणतील, "सोड ते," आणि टीव्हीचा आवाज वाढवतील. तरी बस. श्रद्धा तुझी नसली तर नसू दे; पुढच्या श्रावणात पूजेला बसायचं नसेल तर आधीच, शांतपणे, बाबांना सांग, आणि त्या दिवशी शिरा ढवळायला उभी राहा. मी गेली तीस वर्षं तेच करते. माझा शिरा चांगला होतो.

शनिवारी संध्याकाळी जा, आधी फोन करून. गाडी नेऊ नकोस, नौपाड्यात पार्किंग शोधत तासभर फिरशील आणि चिडून वर जाशील. रिक्षाने जा. काकू बशीत काहीतरी आणून ठेवतील. ते संपेपर्यंत उठू नकोस, खाली रिक्षा थांबवून ठेवलेली असली तरी.